आरशाला तीट

एकसष्टाव्या वर्षी मी एका दुर्बिणीच्या आरशाला काजळाची तीट लावली. बाळाला लावतात तशी, कडेला, करंगळीने. मग ती कोणाच्या लक्षात येईल म्हणून खोबरेलाचं बोट फिरवून पुसली, पदराने घासली, आणि जाईना तेव्हा पसरून पसरून दिसेनाशी केली. आता सत्तरी उलटल्यावर नातवंडांना अक्कल शिकवायला बसते तेव्हा आधी हे आठवून घेते. एकसष्टाव्या वर्षी बाई फार अल्लड असते.

आरसा इनासभावांचा होता.

देवबागेत आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये माडांची एक रांग आणि नावाला कुंपण. ते बोटीवर फिटर होते. आमच्याकडे ‘बोटीवर होतो’ म्हटलं की माणसाची निम्मी चौकशी संपते: घरात परदेशी पंखा आहे, कान गेलेत, आणि बायकोला नवऱ्याची सवय नाही. इनासभाव कायमचे घरी आले, पण सवय लागायच्या आतच त्यांची बायको गेली. एकुलती लेक लवीना इंग्लंडात. मग हा माणूस एकटा घरात काय करणार, याची काळजी साऱ्या वाडीला पडली. त्यांना सोडून.

त्यांनी अंगणात एक पत्र्याचं पिंप उभं केलं. त्यावर जाड काचेची एक चकती ठेवली, तिच्यावर दुसरी, मध्ये करकरीत पूड आणि पाणी. मग वरची काच पुढे-मागे घासत पिंपाभोवती फिरायला लागले. दोन पावलं, घासणं, दोन पावलं, घासणं. असे तीन पावसाळे. आमची जाऊ म्हणाली, बायको गेल्यापासून प्रदक्षिणा घालतोय बिचारा, पण देव सोडून पिंपाला का, ते कळत नाही. मी तिच्याहून शहाणी. मी वाडीभर सांगत सुटले की ते लेकीसाठी रगडा करतायत, इंग्लंडात इडलीचं पीठ चांगलं मिळत नाही.

रगडा नव्हता तो. एक काच मधोमध खोल होत गेली, परातीसारखी, आणि तिच्यावर पुण्याहून चांदीसारखा मुलामा चढवून आणला. मग चार फुटी, जाडजूड, पिंपाच्याच घराण्यातली वाटावी अशी नळी उभी राहिली. तळाला तो मोठा आरसा, तोंडाशी चार पट्ट्यांवर टांगलेला छोटा तिरका आरसा, आणि कुशीत कॅमेरा. इनासभाव तिला ‘फास्ट’ म्हणत. मला वाटलं, पळते की काय. ती काही पळत नव्हती. एका जागी बसून लवकर उजेड गोळा करते म्हणून फास्ट. लांब निमुळत्या दुर्बिणीला जो उजेड साठवायला चार रात्री लागतात, तो ही एका रात्रीत साठवते. पण जितकी फास्ट तितकी नखरेल. आतला स्क्रू केसभर सरकला की चित्रातल्या ताऱ्यांना बेडकीच्या पिल्लांसारख्या शेपट्या फुटायच्या. म्हणून रोज दिवेलागणीला इनासभाव तिच्यासमोर स्टूल टाकून बसत आणि तीन स्क्रू पाव पाव फेऱ्यांनी पिळत. लग्नाच्या बायकोचं त्यांनी इतकं ऐकलं असतं तर, असं वाडीतल्या बायका म्हणत. मीही म्हणायचे.

दुर्बीण पहिल्यांदा सुरू करायची तेव्हा त्यांनी पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घेतलं आणि कुंपणावरून मला म्हणाले, “वयनी, गाऱ्हाणा घालूक कोणतरी धाड. जाग्याच्या राखणदाराक इचारल्याशिवाय हंय खंयचाय काम करतत काय?” मग आमच्या वाडीतले गाऱ्हाणं घालणारे आले, नळीपुढे नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले:

“बा देवा म्हाराजा! आज ह्या इनासान जी काय ही नळी उबी केली हा, तिका खंयची वायट नजर लागा नये रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“जे काय ढग येतीत ते वेंगुर्ल्याक धाडून दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज इनासभावांचा.

त्या वर्षी ऑक्टोबर खरोखर कोरडा गेला. वेंगुर्ल्याचं मी विचारलं नाही.

ते तारे बघत नसत, हे लोकांना शेवटपर्यंत समजलं नाही. ते फोटो काढत, आणि तेही ताऱ्यांचे नाही, ताऱ्यांमधल्या ढगांचे. तेजोमेघ. डोळ्याला तिथे काही नसतं. पाच-पाच मिनिटांचे शेकडो फोटो एकावर एक रचायचे, मग कुठे त्या काळोखातून लालसर धूर उगवतो. “उजेड आसताच,” ते म्हणत. “आमकाच थांबाक जमना नाय.”

त्याच सुमारास आमच्या मुलाने काढलेल्या होमस्टेच्या जाहिरातीत मी आग्रहाने एक ओळ घालायला लावली: ‘रात्री दुर्बिणीतून आकाशदर्शन.’ शेजाऱ्याला न विचारता. पुण्याचं एक कुटुंब आलं, सुरमई जेवलं आणि इनासभावांच्या अंगणात रांग लावून उभं राहिलं. गृहस्थांनी डोळा लावायची जागा शोधली, सापडेना.

“हंय डोळो लावची जागाच नाय,” इनासभाव म्हणाले. “कॅमेरो बघता. तवसर आमी जेवतंव.”

गृहस्थ थोडे दुखावले. “पण काका, असे फोटो मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. याच्यापेक्षा चांगले.”

“मेळतत मां. लग्नाचे पण मेळतत. तरी तुमी आपल्या लग्नात फोटोवालो बोलावलात.”

बाई जोरात हसल्या. गृहस्थ हसले नाहीत. जाताना त्यांनी अभिप्रायात लिहिलं: मासे उत्तम, आकाश बंद होतं.

उजेडाशी त्यांचं वैर, पण भांडण कधी नाही. मी अंगणात शंभर वॉटचा पांढराफेक दिवा लावला होता, कारण पाहुण्यांना थाळीचे फोटो काढायला उजेड लागतो. इनासभाव सकाळी शिडी घेऊन आले. हातात खोबरेलाचा कापलेला डबा, आतून काळा रंगवलेला. दिव्यावर टोपी घातली आणि खाली उतरून म्हणाले, “थाळी खाली आसता, वयनी. माडाक फोटो काढूचो नाय.” वाडीतल्या निम्म्या दिव्यांना त्यांनी अशा टोप्या घातल्या. राहिला फक्त समुद्र. पश्चिमेला दिव्यांच्या बोटी लागत, क्षितिजभर लग्नाचा मांडव पडल्यासारखा उजेड, त्याला भुलून मासळी वर येते म्हणून. त्या बोटींना गावात सगळे शिव्या घालत. इनासभाव म्हणत, “ते उजेडान मासळी जमयतत, मी उजेडच जमयतंय. धंदो एकच, जाळा येगळा.” आणि दुर्बीण पूर्वेला वळवत.

त्यांच्या चित्रांचं एक मोठं प्रकरण झालं, ते चार पट्ट्यांमुळे. छोटा आरसा ज्या चार पट्ट्यांवर टांगलेला, त्या पट्ट्यांना घासून उजेड फाटतो आणि प्रत्येक मोठ्या ताऱ्याला चार किरण फुटतात. सरळ, लांब, काटकोनात. म्हणजे क्रूस. चर्चच्या सणाला इनासभावांनी मृगातल्या तेजोमेघाचं मोठं चित्र दिलं आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या त्याच्यापुढे गुडघे टेकून बसल्या. लाल आभाळ आणि त्यात दहा-बारा लखलखीत क्रूस! इनासभाव प्रत्येकीला पट्ट्यांचं समजावून सांगत होते. प्रत्येकीने ऐकून घेतलं, “देव बरे करू” म्हटलं आणि पुन्हा हात जोडले.

महिनाभरात आमच्या देवळाच्या मंडळाचे दोघे त्यांच्या ओटीवर येऊन बसले. चहा झाला, पावसाचं झालं. मग एकजण म्हणाला, “इनासभाव, जत्रेक आमका पण एक मोठो फोटो होयो.”

“देतंय.”

“पण तां... ताऱ्यांचा चार हातांचा... जरा...”

“कळला,” इनासभाव म्हणाले. एका पट्टीची सुट्टी केली आणि उरलेल्या तीन सारख्या अंतरावर बसवल्या. तीन पट्ट्यांनी किरण सहा फुटतात. मंडळाला षट्कोन फार पसंत पडला. कोणीतरी त्यात पूजेचं यंत्रसुद्धा पाहिलं. मग मालवणच्या बाजारातले हसनचाचा, ज्यांच्याकडे इनासभावांची बोटीवरच्या दिवसांपासूनची ऊठबस, ते मस्करीत म्हणाले, “सगळ्यांका दिलंस, आमकाच काय नाय?”

“तुमका दुर्बीण कित्याक?” इनासभाव म्हणाले. “तुमचो चंद्र आयतोच टांगलेलो आसा.”

मीही मागे राहिले नाही. माझी फर्माईश अशी: चित्र द्या, पण भिंतीवर काळं नको, शुभ दिसत नाही, मागचं जरा गुलाबी करून मिळेल का? इनासभाव उठले. मग आत जाऊन मला लवीनाचा लहानपणीचा गुलाबी फ्रॉकमधला फोटो छापलेलं एक कॅलेंडर आणून दिलं.

हे सगळं गमतीचं. पण एक गोष्ट ते गमतीवारी नेत नसत, ती म्हणजे घोडा. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांपैकी खालच्याच्या जवळ लाल पडद्यासारखा एक तेजोमेघ आहे आणि त्याच्या पुढ्यात घोड्याच्या मानेसारखा एक काळा ढग. तो त्यांना पुरा हवा होता, आयाळीसकट. दोन हिवाळे त्यांनी त्याचा उजेड जमवला होता; तिसऱ्यात चित्र पुरं होणार होतं. लवीना दर रविवारी फोनवर म्हणायची, पप्पा, या ना इकडे, एकटे काय करता. ते म्हणत, “घोडो झाल्यार येतंय.” गेली पाच वर्षं असं काहीतरी व्हायचं शिल्लक असायचंच. मी लवीनाला मनात म्हणायचे, बाई गं, हा माणूस तुझ्याकडे येणार नाही. याच्याकडे काम आहे.

आणि त्याच वर्षी मी तीट लावली.

खारा वारा आरशाचा मुलामा खातो. दोन-तीन वर्षांनी काढून पुन्हा चढवावा लागतो. गणपती झाल्यावर आरसा पुण्याहून नवा होऊन आला. इनासभाव नळीला आतून काळा रंग देत होते, त्यांच्याकडे वाळू उडत होती, म्हणून आरशाची पेटी माझ्या टेबलावर ठेवून गेले. “सांजेक नेतंय. उघडू नको.”

दहा मिनिटांत उघडली. तेवढ्यात बचत गटाच्या सहाजणी आल्या. तो आरसा तोंड मोठं करून दाखवतो. सहाजणींनी आपापले दात पाहिले, एकीने तर नथ सारखी केली, आणि जाताना एकजण म्हणाली, “काय गो चकाकता! नजर लागात हां.”

त्या गेल्या आणि मी पेटी मिटायला घेतली, ती मिटवेना. तीन पावसाळे पिंपाभोवती फिरलेला माणूस. गाऱ्हाण्यात आपणच म्हटलं होतं, नजर लागा नये. मग लावली तीट. घरचंच काजळ, एरंडेलाचं, तुपातलं. पुढचं सांगितलंच आहे.

ऑक्टोबरात चित्रं धुकट यायला लागली. ताऱ्यांभोवती पिठाची वलयं. घोडा तर दिसेचना, तिथे नुसता मळका डाग. इनासभावांनी स्क्रू तपासले, स्प्रिंगा बदलल्या, छोटा आरसा उतरवून चढवला. मोठ्या आरशाकडे मात्र पाहिलं नाही, कारण त्यांचा एक नियम होता. “टॉर्च मारून बघल्यार खंयचोय आरसो मळको दिसता,” ते म्हणत. “आरसोच कित्याक, माणूस पण.” आरसा नवाकोरा होऊन आलेला, त्याच्यावर संशय घेणं त्यांच्या बुद्धीत बसत नव्हतं. मग उरलं काय? त्यांचे डोळे आणि त्यांचा हात.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ते संगणक उचलून माझ्या ओटीवर आले. पडद्यावर घोड्याचं चित्र होतं.

“वयनी, तुझे डोळे बरे आसत. माका एक खरा सांग. ह्यां धुकट आसा, काय माकाच धुकट दिसता?”

ते धुकट होतं. माझ्या पाच बोटांएवढं धुकट होतं. आणि मी, एकसष्ट वर्षांची, दोन मुलांची आई, बचत गटाची अध्यक्ष, म्हणाले, “माका तर सगळा साफ दिसता, इनासभाव.”

त्यांनी मान हलवली. संगणक मिटला. “तसाच वाटला माका,” म्हणाले.

त्या रविवारी कुंपणापलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. “घोड्याचा ऱ्हवांदे आता. तिकीट काढ.”

त्यानंतर जे सुरू झालं ते मी रोज कुंपणावरून पाहत होते. आधी त्यांनी शिडी आमच्या मुलाला देऊन टाकली; म्हणाले, आता आपल्याला काय चढवतंय. मग होडीतून उतरताना हात पुढे करायला लागले. चालताना पायाखाली बघत, मधूनच थांबत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. मोतीबिंदू आहे पण अजून पिकला नाही, घाई नको, असं डॉक्टरने सांगितलं. इनासभावांनी त्यातला ‘मोतीबिंदू आहे’ एवढाच भाग घरी आणला. दुर्बिणीवर जुनी चादर पडली. मी दर दोन दिवसांनी त्यांना सोलकढी आणि भाकरी नेऊन देत होते, आणि वाडीत सगळे म्हणत होते, शेजार असावा तर असा. मीही तेच म्हणत होते. फक्त जरा हळू.

नाताळच्या सकाळी चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, मी दरवर्षी जायचे. कारण दोन: नेवऱ्या, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, आणि इनासभावांचं वाचन. कायमचे घरी आल्यापासून बायबलमधलं नाताळचं पहिलं वाचन तेच करत, बोटीवरच्या आवाजात, इंजिनावर मात करायची सवय असलेल्या. एव्हाना त्यांना ते पाठ होतं. पुस्तक केवळ हात ठेवायला. त्या वर्षी त्यांचं नाव पुकारल्यावर ते जागेवरच बसून राहिले. शेजारच्याला म्हणाले, “तू वाच रे. माका आता दिसना नाय.”

पाठ होतं. तरी उठले नाहीत.

मी नेवऱ्या न खाता घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी कुंपण ओलांडलं. ते पेटी भरत होते, चादरी, मोजे, इंग्लंडात लागतील म्हणून दोन कानटोप्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. बचत गट, नजर, काजळ, खोबरेल, पदर. आणि नोव्हेंबरातली दुपार. सगळं एका दमात, मधे थांबले असते तर पळून आले असते.

त्यांनी कानटोपी खाली ठेवली. नळीवरची चादर काढली. खणातून टॉर्च घेतला आणि आपला नियम मोडून नळीत उजेड मारला. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिलं. आरशाच्या तिसऱ्या हिश्शावर तेलाचा पट्टा, त्याच्यात धूळ बसलेली, आणि त्या धुळीत माझ्या बोटांच्या रेषा. सरकारी कागदावर अंगठा उठवावा तशा स्पष्ट.

त्यांनी टॉर्च खणात ठेवला. मला हाताने ‘बाजूला हो’ केलं. बॅटरीत घालायचं पाणी आणलं, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातले, आरसा उतरवून पसरट टपात ठेवला. कापूस दाबायचा नाही, फक्त ओला करून आपल्या वजनाने ओढायचा, आणि एकदा ओढला की टाकून द्यायचा. दीड तास. हात एकदाही हलला नाही. मी दारातून पाहत होते. पदर कमरेला घट्ट खोचून, तो चुकूनही कुठे लागू नये म्हणून.

जानेवारीच्या अमावास्येच्या आसपासच्या पाच रात्री आभाळ स्वच्छ होतं. त्यांनी शिडी परत मागवून घेतली आणि आमच्या दिव्याची वाऱ्याने कलंडलेली टोपी सरळ केली. माझ्याशी बोलले ते तेवढ्यापुरतं: “ह्यो दिवो धरून ऱ्हव.” घोडा पुरा आला. मान, आयाळ, नाकपुडीशी एक उजळ कड. चित्र त्यांनी लवीनाला पाठवलं, चर्चला दिलं, देवळाला दिलं, हसनचाचांना दिलं. मला दिलं नाही, आणि मागायची माझी छाती नव्हती.

तिकीट रद्द केलं नाही. लवीनाने रजा काढली होती, जावयाने खोली रंगवली होती. जूनपर्यंत येतंय म्हणाले. आले नाहीत. दोन वर्षं रविवारी फोन यायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: “वयनी, हंय आज पण ढग.” तिसऱ्या वर्षी एका रविवारी फोन लवीनाने केला.

पण मला ते दिसतात ते निघतानाचे. रिक्षात पेटी ठेवलेली, अंगात कोट, देवबागेच्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली. वाडी गोळा झाली होती. मी नारळ आणि सोलं बांधून दिली. सगळे जरा मागे सरले तेव्हा रिक्षाच्या दांडीला धरून विचारलंच:

“इनासभाव, तिटीवरसून तुमी माझ्यार रागावलात मां?”

त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. माझ्याकडे नीट पाहिलं. मोतीबिंदू असलेल्या त्या डोळ्यांनी, अगदी स्वच्छ.

“तिटीचा काय नाय गो, वयनी. पण तीन म्हयने तू माका म्हातारो होवक दिलंस.”